खांबाचा पाळणा

बर्लिंग्टन, न्यू जर्सी
दि. ५ सप्टेंबर १७९४

ती. एबनरदादास केझायाचा शि. सा. न. वि. वि.

नाताळच्या सुमारास तू मामा होशील, असं सुईण म्हणते. ही झाली गोड बातमी. कडू अशी, की दारूवरचा कर नाकारणाऱ्या तुम्हा डोंगरापलीकडच्यांना वठणीवर आणायला फौज निघते आहे, आणि तिच्यात माझा नवराही आहे. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. टोबायस म्हणतो, आज त्यांनी कायदा झुगारला, उद्या आपण झुगारू, मग इंग्रजांशी एवढं लढून एक देश केला तरी कशाला? त्या लढाईत तुम्ही दोघं एका घोंगडीत झोपलात, त्याची आठवण करून दिली, तर उठून बूट पुसायला लागला.

तुमच्या लोकांनी तुझ्या अंगणात बंडाची खूण म्हणून खांब उभारल्याचं तूच कळवलं होतंस. खांब दिसेल त्या घरात शिपाई शिरणार. दादा, तो पाड. माझ्या बाळाला बापही हवा आणि मामाही.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी केझाया


मोनोंगाहेला नदीकाठ, पेनसिल्व्हेनिया
दि. २८ सप्टेंबर १७९४

चि. सौ. केझायास अ. उ. आ.

मामा होणार म्हणून आज डुक्कर कापलं. जेवत जा, वेडे.

न्यू जर्सीत टरबुजंच पिकतात म्हणून तुमच्या फौजेला इकडे टरबूजवाल्यांची पलटण म्हणतात, हे टोबायसला जरूर सांग. आमचं राय धान्य पोत्यांतून नेणं परवडत नाही, ते दारू होऊनच डोंगर ओलांडतं. तिच्यावर कर म्हणजे आमच्या भाकरीवर कर, एवढं किनाऱ्यावरच्यांना कळत नाही. खांब पाडला तर शेजारी मला फितूर ठरवून माझं कोठार पेटवतील. ठेवला तर तुझा नवरा दार फोडेल. मी ठेवणार. पण त्याच्यावर बंदूक उचलायची वेळ आली तर काय करीन, ते मलाच ठाऊक नाही.

जिवाला जप. तुझी काळजी वाटते.
एबनर


मोनोंगाहेला नदीकाठ
दि. १५ नोव्हेंबर १७९४

चि. सौ. केझायास अ. उ. आ.

तुझा नवरा आला. मी उंबऱ्यात बंदूक घेऊन उभा होतो. चार दिवसांच्या पावसात भिजलेला, फाटक्या बुटांतून अंगठे बाहेर.  त्याने एका पोरसवदा सोबत्याला घेऊन खांबाला करवत लावली. दोघांच्या करवतीत आपल्या पाळीला ओढायचं असतं, ढकलायचं नसतं, हे त्या टरबूजवाल्या पोराला कुणी शिकवलेलं नाही. पातं अडकलं. पुन्हा लावलं, पुन्हा अडकलं. शेवटी मला राहवेना. बंदूक भिंतीला टेकवली, त्या पोराला बाजूला सारलं आणि दुसरी मूठ मी धरली.

शेजारी कुंपणाशी उभे राहून बघत होते. टोबायसने त्यांना ऐकवलं, की या घराला धक्का लागला तर तो स्वतः परत येईल. कर मी भरणार, पण शिव्या देत भरणार, हे त्याला सांगितलंय. तो म्हणाला, शिव्यांवर अजून बंदी नाही.

लाकूड चांगलं होतं. त्याची तुकडी तीन दिवस इथे होती, तेवढ्यात जमिनीवर डुलणारा पाळणा केला. गाडीत घालून तो आणतो आहे. खालची एक वाकडी पट्टी त्याची, एक माझी.

सुखरूप सुटलीस की ताबडतोब कळव. माझं लक्ष लागून राहिलंय.
तुझा दादा


बर्लिंग्टन
दि. ४ जानेवारी १७९५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. नाक तुझं, बिचारीचं!

तुम्हा दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या पट्टीचं माप घेतलं होतं का? दोन्हींचा बाक वेगळा. झुलवला की पाळणा एका जागी राहत नाही, वाकडा वाकडा सरकत पश्चिमेच्या, म्हणजे तुझ्याकडच्या भिंतीला जाऊन टेकतो. मी ओढून चुलीपाशी आणते, तो पुन्हा निघतो. शेजारणीचा सरळ पाळणा आणला, तर त्यात पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. टोबायस पट्ट्या सारख्या करायला रंधा घेऊन बसला होता. मी हातातून काढून घेतला. मुलगी मामाकडे निघाली आहे, जाऊ दे म्हटलं.

बर्फ वितळून डोंगराची वाट उघडली की तूच ये. तोवर मी तिला ओढून धरते.

तुझीच
केझाया