बानूनं मागं व्हायचं की नाही

श्री खंडोबा प्रसन्न
शिरूर, मंगळवार

तीर्थरूप सोपानदादांच्या चरणी रतनचा नमस्कार.

एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवलेलं सामान पोचलं: बॅट एक, जाळी एक, चेंडू सहा (एक चेपलेला, गरम पाण्यात टाकून फुगवला). हमालानं आठ आणे मागितले, चार दिले. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत म्हणून लिहिते.

येत्या रविवारी तुमच्या दौंडला रेल्वेच्या हॉलात जिल्ह्याच्या मुलींची टेबल टेनिसची निवड. ह्यांनी शब्द दिलाय, बानूचं नाव आलं तर लग्न वर्षभर थांबेल, न आलं तर पाटसच्या स्थळाला सोमवारीच होकार. तेव्हापासून घरात कोणी मोठ्यानं शिंकतही नाही.

गेल्या आठवड्यातला तिथला सराव पाहून तुम्ही लिहिलंत, पोरगी टेबलाला चिकटून खेळते, हात भाजीवर मीठ टाकल्यासारखा आखूड, तिला दोन पावलं मागं घ्या. दादा, ती मागं जाणार कुठं? आमचं टेबल म्हणजे मागच्या दाराचं कवाड, धान्याच्या दोन पिंपांवर. तिच्या पाठीशी देव्हारा, माझ्या पाठीशी चूल (समोरून खेळणारी मीच, पदर खोचून, हे वहिनींना सांगू नका). देवाला टाच लागू नये म्हणून ती तीन वर्षांत तसूभर मागं सरलेली नाही. तरी तुमचा शब्द मोडायचा नाही, म्हणून देव हलवायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "देव हलवायचा तर मला बी त्याच्यासंगं हलवा." हलवलं. दोघांनाही पडवीत.

बानू दोन पावलं मागं गेली, पण हात आखूडच राहिला. चेंडू जाळीपर्यंतही जाईना. हात लांब सोड म्हटलं, तर तोवर ती सवयीनं पुन्हा टेबलापाशी आलेली, आणि बॅट पिंपावर. (पोचा पिंपाला आला, बॅटीला नाही, ही देवाचीच कृपा.) काल सर्जेराव मास्तर खेळायला आले. ज्यांना ती नेहमी हरवते त्यांनी तिला एकवीस-सहानं हरवलं. ह्यांनी पाटसचं पत्र फडताळातून काढून कोटाच्या खिशात ठेवलं.

बानू रडली नाही. म्हणाली, "मामा 'मागं हो' म्हणत्यात. मी व्हते. तवर तू 'हात सोड' म्हणतीस. मंग चेंडू कवा बघू?"

आज सकाळी देव आणि सासूबाई परत जागेवर आणले. बानू टेबलाला चिकटून, हात वीतभर. चेंडू उसळतो न उसळतो तोच परत. मास्तर एकवीस-अकरानं हरले आणि चहा न घेता गेले. जवळ उभं राहणाऱ्याला आखूडच हात हवा, लांब उभ्याला लांब. एकाचं घेऊन दुसऱ्याला जोडलं की दोन्ही जातं. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, पण हे कळायला देव हलवावे लागले.

तुमची धाकटी,
रतन

ता.क. ती खेळायला लागली ती तुमच्यामुळंच, हे मी कोणापुढंही सांगेन.

ता.क. दुसरा. रविवारी तुम्ही हॉलात नसलात तर बरं. बाकावर गप्प बसेन अशी शपथ घेतलीत तरी माझा विश्वास नाही. माझ्या लग्नात तुम्ही भटजींना मंत्र सांगत होता. तुम्ही गार्ड आहात, त्या दिवशी एखादी लांबची गाडी मागून घ्या. सोलापूर उत्तम. कोणती मिळाली ते उलट टपाली कळवा.