मागून पट्टे कोण आवळतं

छत्रीबाग, इंदूर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बुद्धरत्नदादास,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघी ठीक. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण सकाळी पोह्यांवर सेव टाकायला विसरत नाही, म्हणजे तब्येत झकास समज. शालिनीवहिनी कशा आहेत? पुण्यात थंडी पडली का? पत्र बघून तू चक्रावशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, "हां, पुढे बोल" म्हणतोस आणि स्वतःच बोलत सुटतोस. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून हा उपद्व्याप.

बाबा गेल्यावर तू व्हॅन विकायला सांगितलं होतंस. विकली नाही. रागाव खुशाल. ती आहे म्हणून मी ऑफिसला जाते, नाहीतर रोज कोणीतरी मला पोत्यासारखं उचलून ऑटोत कोंबणार आणि माझी व्हीलचेअर वर टपावर बांधणार. बाबांनी मागची सीट काढून रॅम्प लावला, सियागंजातून कड्या आणून फरशीत पक्क्या बसवल्या, ते तुझ्यासमोरच झालं. कोपऱ्यात आईसाठी एक घडीची सीट ठेवली, बरोबर माझ्या पाठीमागे. तिला मात्र पहिल्यापासून पुढेच बसायला आवडतं.

त्यांचे नियम तुला पाठ असतील. खुर्चीचं तोंड पुढे, आडवं कधीच नाही. चारही पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला, चाकाला नाही, पाय ठेवायच्या पट्टीला नाही. मग माझा पट्टा वेगळा, गाडीलाच जोडलेला, छातीवरून आणि कमरेवरून. खुर्चीबरोबर आलेल्या पट्ट्याला ते 'फोटोपुरता' म्हणायचे. तुला हे कधी जमलं नाही, आणि म्हणून त्यांनी तुला पट्टे सोडायलाही हात लावू दिला नाही. "ज्याला बांधता येत नाही, त्याने सोडायचं नाही." तू रुसून पुढे जाऊन बसायचास.

बाबा गेल्यावर यतीनभियाला ड्रायव्हर ठेवलं. दोन मुलींचा बाप, माणूस भला, पण कामात 'हो जाएगा दीदी'. पट्टे लावायचा, पण ढिले. पहिल्या आठवड्यात मी दोनदा भांडले. मग भांडायची गरजच उरली नाही.

आता नीट वाच, आणि हसू नकोस. यतीन पट्टे लावून, मागचं दार लावून पुढे येऊन बसायचा. किल्ली फिरवायच्या आधी माझ्या पाठीमागे आवाज यायचा, कर्र, कर्र. पट्ट्याच्या खटक्याचा. आणि खुर्ची फरशीत रुतल्यासारखी घट्ट व्हायची. मला मान वळवून मागे बघता येत नाही, हे तुला माहीतच आहे. आरशात फक्त मागची काच दिसते. मला वाटलं, पट्टे आपोआप आवळणारे असतील. मग बिल शोधून बघितलं, साधे हातानं आवळायचे आहेत.

आपल्या घरात भूत-बित मानत नाहीत, दादा. शेजाऱ्यांनी आपल्या दारात टाकलेलं लिंबू उचलून बाबांनी त्याचं सरबत करून प्यायलं होतं! माणूस गेला की गेला, असं त्यांनीच आपल्याला शिकवलं. त्यांच्या जलदान विधीच्या दिवशी भन्तेजींसमोर तू आणि मी तेच तर ऐकलं. मग मी कोणत्या तोंडानं म्हणू की मागे बाबा आहेत? ते स्वतःच मला रागावतील. म्हणून गप्प राहिले. आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं.

आता दुसरी गोष्ट, जी मी उन्हाळ्यापासून तुझ्यापासून लपवतेय. माझ्या ऑफिसात सुजय आहे, साताऱ्याचा. आम्ही लग्न करतोय. सव्वीसला, बुधवारी, संविधान दिनाला, रजिस्टर पद्धतीनं. आईला माहीत आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "तो तुझी किती दिवस काळजी घेईल?" बाबाही असंच म्हणाले असते, याची मला धास्ती होती.

दिवाळीनंतर मी स्नेहलतागंजला सुजयचा फ्लॅट बघायला गेले. तो उत्साहानं खाली आला आणि पट्टे सोडायला वाकला. ऑफिसात रोज सहज सुटणारे पट्टे, पण एकही सुटेना. यतीननं जोर लावला, वॉचमननं लावला. खटका वेल्डिंग केल्यासारखा. रॅम्प खाली, सुजय उन्हात उभा, आणि मी आत बसून घामाघूम. शेवटी परत आलो. आपल्या दारात यतीननं बोट लावलं आणि चारही पट्टे अलगद सुटले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, पुन्हा तसंच.

त्या दिवशी परतताना माझं डोकं फिरलं. यतीन ऐकतोय याचीही पर्वा केली नाही. मी ओरडले, "जिवंतपणी धरून ठेवलंत, आता तरी सोडा मला!"

आणि त्यांनी सोडलं.

चालत्या गाडीत, दादा. चारही एकदम. समोर सिटी बस थांबली, यतीननं ब्रेक मारला, आणि खुर्ची सरकून पुढच्या सीटवर आदळली. मी छातीवरच्या पट्ट्यात लटकले. खुर्ची परत मागे जाऊ लागली, रॅम्पकडे. मला काही सुचेना, मी किंचाळले, "बाबा, धरा!" कर्र. खुर्ची जागच्या जागी थांबली. गाडीत नुसता त्यांच्या तंबाखूचा वास.

यतीननं दुसऱ्या दिवशी काम सोडून आईकडे किल्ली दिली. मला फक्त एवढं म्हणाला, "दीदी, वो पीछे जो अंकल बैठते हैं ना, उनको बोलना, मैं आदमी बुरा नहीं हूँ." त्यानं बाबांना कधी बघितलंही नव्हतं. मी विचारलं, कसे दिसतात? तो म्हणाला, चेहरा नाही दिसत, सारखे खाली वाकलेले असतात.

मी सुजयला सगळं सांगितलं. वाटलं, पळेल. पण तो काल सकाळीच इथे हजर. म्हणाला, "मला बांधायला शिकव." पहिलाच पट्टा त्यानं चाकाला अडकवला! खळ्ळकन सुटून त्याच्या हातावर बसला. दुसऱ्यांदा सांगाड्याला लावला, पण पीळ राहिला. तोही सुटला. सुजयचा चेहरा पांढराफटक, बोटं सोललेली. पण हा पठ्ठ्या हटेना. मागच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "पुन्हा दाखवा, काका." गल्लीतली मुलं बघून गेली, आई दोनदा चहा देऊन गेली. तो बांधायचा, मागून सुटायचं, तो पुन्हा वाकायचा.

दिवस मावळताना त्यानं चौथा पट्टा आवळला आणि आम्ही वाट बघत राहिलो. काही झालं नाही. मग तो म्हणाला, "आता सोडून बघू?" पट्टे सुटले. त्याच्या हातानं, सहज.

म्हणजे बाबा माझ्या लग्नाच्या आड येत नव्हते, त्यांचा तोच जुना नियम होता. मी त्यांना नको ते बोलले.

आज सुजयनं मला व्हॅनमधून स्नेहलतागंजला नेलं. पट्टे पक्के होते, खुर्ची हलवून माझी मीही खात्री केली. किल्ली फिरली, मी कान टवकारले. मागे काहीच आवाज नाही. वासही नाही. गाडी निघाली, अगदी सावकाश, सुजय चाळीसच्या वर जात नाही. आणि दादा, पट्टे सुटले त्या दिवशीही वाटली नव्हती एवढी भीती मला त्या गाडीत आज वाटली. इतकी, की मी दांडा धरून बसले. बाबा हयात नाहीत हे मला आज कळलं. मी आज रडले.

तू पंचवीसला, मंगळवारी रात्रीपर्यंत ये. लग्नाला तर येच, पण बुधवारी पुढे बसू नकोस. त्या घडीच्या सीटवर बस, माझ्या पाठीशी. तिथे आता कोणी नाही.

तुझी धाकटी,
संबोधी