कपाटातला माणूस आणि दाराबाहेरचे बूट

बाबा, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच आई इथे आलीय, आणि आज दुपारी तिने तुमचा तो जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा लावायला सांगितला. नाटकावरून काढलेला; सगळं एकाच घरात, होणारा जावई कपाटात आणि बाहेर मुलीच्या आईसमोर पाद्री चहा पितोय. तुमच्या बँकेच्या नाट्यस्पर्धेत तुम्ही त्याचाच मराठी फार्स केला होता. पाद्र्याचे हेडमास्तर झाले, कपाटात तुम्ही. मला अजून दिसतं, स्वयंपाकघरात उभे राहून तुम्ही आईला सांगताय, "आतला माणूस खरा घाबरलेला पाहिजे, तरच लोक हसतात." आई पोळी लाटताना विचारते, "आणि बाहेरच्या बाईला काहीच कळत नाही होय?" तुम्ही म्हणता, "तिला कळलं तर पहिल्या अंकातच पडदा पडेल."

सिंगापुरात, तोआ पायोहच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी राहत नाही. तुआसच्या कारखान्यात माझ्याबरोबर काम करणारा, इथल्याच चिनी घरातला मुलगाही राहतो. आई येणार म्हणून मी त्याला त्याच्या बहिणीकडे पाठवलं. "आंटीला भेटतो ना. लपायचं कशाला, लाह?" असं तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला. मी त्याचे शर्ट, ब्रश, चॉपस्टिक्ससुद्धा हलवल्या. कारखान्यात यंत्रं तपासणं हेच माझं काम, माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. पण इथे पादत्राणं दाराबाहेर ठेवतात. आईला घेऊन लिफ्टमधून बाहेर आले, तर रॅकवर माझ्या सेफ्टी बुटांशेजारी त्याचे, चांगले चार बोटं लांब. आई त्यांच्याकडे बघून आत गेली. तेव्हापासून ती नुसती खाकरली तरी मी उठून काहीतरी आवरायला लागते.

आज पाद्री कपाटाला टेकून उभा राहिला, तेव्हा ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "त्या बुटांचे मालक वरणभात खातात का? तसा कुकर लावते."

मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात आले. तो बहिणीकडून येऊन खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी बसलाय, माझ्या मेसेजची वाट बघत. नुसतं 'वर ये' एवढंच लिहायचं होतं. त्याऐवजी तुम्हाला हे लिहीत बसलेय. बाहेर आई हसतेय, तुम्ही हसायचात त्याच जागी. मी तिथे कधीच हसले नाही, बाबा. तुम्ही हसायचात म्हणून ओठ हलवायचे. मला सारखं वाटायचं, त्याला त्या कपाटात श्वास तरी घेता येतोय का.