मरतील ती मरू द्या

होटगी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आबांनी आज माझ्या टोमॅटोवर मोरचूद-चुन्याचं औषध मारलं. पानापानांवर निळे ठिपके. 

करपा रोग मुद्दाम येऊ द्यायचा, त्यात जे झाड तगेल त्याचंच बी धरायचं, एवढंच तर माझं काम. कॉलेजात सगळ्यांना सांगत फिरते, घरात कधी सांगितलंच नाही. आता तगणारं झाड ओळखू कसं? निळ्या ठिपक्यांखाली सगळीच सारखी हिरवी. आता फुटणाऱ्या नव्या पानांवर औषध पडलं नाही, तरच काही कळेल.

आबा रेल्वेची ड्युटी करून आले आणि पंप पाठीवर घेतला म्हणे. जेवताना खुशीत होते. "पोरीची परीक्षाच हाय की ती झाडं. उरलंय अजून, सकाळी परत मारतो."

मी गप्प बसले तर हंगाम गेला. बोलले तर त्यांचा चेहरा...

"आबा, नका मारू. मरतील ती मरू द्या."

"मरू द्यायला शिकवतेत व्हय तितं?"

"व्हय."

ते अर्ध्या भाकरीवरून उठले. आत्ता मोरीत पंप रिकामा करताहेत. माझं ऐकलं त्यांनी. पटलं म्हणून नाही, मी शिकलेली म्हणून.