मामांनी लावलेली उंची

अकलोली, ६ जानेवारी

चि. मृणाली हिस, मामाचे अनेक उ. आ.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू हो मामा, हो मामा म्हणत सुटतेस आणि माझा राग अर्धाच राहतो, म्हणून कागद घेतला. शेजारचा सागर रिक्षा घेऊन भिवंडीला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तुझ्या मालकांचा, फखरुद्दीनभाईंचा निरोप आला की लूमच्या शाफ्टचा सगळा लॉट रिजेक्ट. खाचा खोल गेल्या, त्यांत बसवायच्या लोखंडी चाव्या आत बुडतात. अगं, मिलिंग मशीनची उंची मी स्वतः येऊन लावून दिली होती ना? पतंगाच्या कागदाची पट्टी शाफ्टवर धरली, फिरत्या कटरखाली टेबल हळूहळू वर घेतलं, कटर टेकून पट्टीला ओढ लागली तिथे थांबून डायलवर शून्य केलं. सगळं वर्कशॉप बघत होतं. तुला फक्त खाचा मारायच्या होत्या. आणि तू म्हणे भाईंना सांगितलंस की टेबलाच्या हँडलला चुकून तुझा हात लागला! लोखंड म्हणजे काय भाकरीचं पीठ आहे, कमी पडलं की वरून थापायला?

निजामपुऱ्यात मिलिंगवर पोरगी उभी करा म्हणून मी भाईंकडे शब्द टाकला, तेव्हा लोक हसले होते. आता त्या गल्लीतून मला मान खाली घालून जावं लागेल. तुझी मामी म्हणते की पोरीला एवढं लागेल असं लिहू नका. पण लाज मला वाटते आहे, तिला नाही.

आक्काला माझा नमस्कार सांग. रागावला तरी मामा मामाच असतो, एवढं ध्यानात ठेवावं.

केसरीनाथ


कोन, ९ जानेवारी

ती. मामांस, मृणालीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या आक्कांनी, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, मोठ्याने वाच म्हटलं. मी खुशालीपुरतंच वाचलं.

चूक माझीच, मामा. भाई ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला मिलिंगवरून काढून कानस दिली आहे, दिवसभर कडा घासत बसते. माझ्या मशीनवर आता अम्मार उभा असतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. कामावर ठेवायचं की नाही, ते भाई महिनाअखेर ठरवणार आहेत. तुम्ही त्यांना काही विचारू नका, आणि काही दिवस इकडे येऊही नका. तुम्हाला खाली बघावं लागलं याचीच मला जास्त लाज वाटते.

एक विचारू? तुमच्या सदऱ्याची बटणं मामी लावून देते असं कळलं. मी तिला चिडवलं की या वयात काय हे लाड! पण मामा, साखर एकदा तपासून घ्या.

तुमच्या लोभावर माझा हक्क उरला असेल, तर तो काढून घेऊ नये.

मृणाली


अकलोली, १५ जानेवारी

चि. मृणाली हिस, अ. आ.

अक्षर मामीचं आहे, सांगतोय मी. माझा उजवा हात बांधलाय. घाबरू नकोस. परवा शेजारच्या सावळारामबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. कडेला बसून पाण्यात हात सोडला आणि गप्पा मारत राहिलो. सावळारामने एकदम माझा हात ओढून बाहेर काढला. बोटं लालबुंद झालेली, फोड उठलेले, आणि मला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली आणि विचारलं की कळतंय का. काही कळलं नाही. साखर बरीच जुनी आहे, बोटं कधीचीच बधिर झाली असणार, असं म्हणाले.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. ज्या बोटांना सुई कळत नाही, त्यांना पतंगाच्या कागदाची ओढ कशी कळली? मला ओढ लागली असं वाटलं, तोवर कटर लोखंडात शिरला असणार. मी शून्यच खाली लावलं, म्हणून प्रत्येक खाच खोल गेली. मामीने लिहिता लिहिता पेन थांबवलंय, तिला पुढे लिही म्हणालो.

तू हँडलला हात लावलाच नव्हतास ना? खरं सांग. तुला लिहिलेलं ते पत्र आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

मामावर अजून माया असेल, तर उत्तर धाडावं.

केसरीनाथ


कोन, १८ जानेवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

नव्हता लावला.

पट्टी फाटली तेव्हा तुम्ही भाईंकडे बघून बोलत होतात. कटरने लोखंडावर चकचकीत ओरखडा काढला होता. मग हातातला फाटका तुकडा सगळ्यांना दाखवून तुम्ही म्हणालात की बघा, कागद धरला. मी सगळं पाहिलं. व्हर्नियर माझ्या खिशातच होतं. पहिली खाच मोजली असती तर तिथेच समजलं असतं. पण तुम्ही समोर खुर्ची टाकून चहा घेत होतात, आणि केसरीनाथने लावलेली उंची मोजायची नसते असं भाईंना सांगत होतात. मी व्हर्नियर काढणं म्हणजे भरल्या वर्कशॉपमध्ये तुमची अब्रू काढणं. म्हणून मुकाट्याने खाचा मारत गेले, सगळ्या वाया जाताहेत हे ठाऊक असून.

तुम्हाला कळत नव्हतं, मामा. मला कळत होतं. लाज मला वाटायला हवी आणि वाटते.

भाईंना काही सांगू नका. मला कानस कुठेही मिळेल, तुमचं नाव मात्र एकदाच जाईल. हातावर मलम लावत जा. माया आहेच, ती विचारायची नसते.

मृणाली


अकलोली, २१ जानेवारी

चि. मृणाली हिस, अक्षर मामीचंच, आशीर्वाद मात्र माझ्या डाव्या हाताचा आहे, गोड मानून घे.

तुझं ऐकलं नाही. काल हात गळ्यात बांधून वर्कशॉपमध्ये गेलो आणि सगळे कामगार उभे असताना सांगितलं की उंची मी चुकवली, पोरीची चूक नाही. सोमवारपासून तू पुन्हा मिलिंगवर.

मला वाटलं होतं सगळे चकित होतील. कुणीच झालं नाही. अम्मारने पट्टी फाटताना पाहिली होती. हँडलला हात लागल्याचं भाईंना तेव्हाही पटलं नव्हतं, पण मला येऊन विचारायची त्यांना हिंमत झाली नाही. केसरीनाथला कोण बोलणार, एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

बोटं गेली, वय झालं की काहीतरी जायचंच. पण तू त्या दिवशी बोलली असतीस तर मी काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो असतो आणि पट्टी पुन्हा लावली नसती. हे तुला माहीत होतं, अम्मारला माहीत होतं, भाईंनाही. माहीत नव्हतं ते मला एकट्याला. याची लाज कुठल्या मलमाने जाणार?

आत्ता तुझ्या मामीला विचारलं की घरात तुलाही माझ्याशी असंच गप्प राहावं लागतं का. ती खाली मान घालून हे वाक्यसुद्धा लिहिते आहे.

लोभ असेल तेवढा ठेव, धाक मात्र सोड.

केसरीनाथ