गरम पेस्टी, गरम पुस्तक

बार्न्सली
४ मार्च २०१९

प्रिय एडविन,

अनेक आशीर्वाद. लंडनात तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो, कारण नाताळापासून तुझा फोन नाही. माझाही नाही, ते असो. इथे थंडी आहे, चहा बरा मिळतो, बाजारातला माझा जुन्या पुस्तकांचा स्टॉल उभा आहे.

तू कर खात्यात साहेब, म्हणून विचारतो. परवा वाचायच्या यंत्रावर एक कादंबरी घेतली. वर वीस टक्के कर! तीच कागदावर घेतली असती तर छदामही नाही. लेखक तोच, शब्द तेच, खुनीही तोच. फोनवर तुमच्या खात्यातली बाई म्हणाली, "कागदी पुस्तक म्हणजे वस्तू, साहेब. पडद्यावरचं म्हणजे सेवा." अगं, कुणी केली माझी सेवा? डोळे फोडून वाचली मी!

शेजारची पेस्टीवाली डोरीन हसून लोळली. "नवल काय, विल्फ? माझी खिमा-बटाटा भरलेली पेस्टी थंड नेली तर कर नाही, गरम करून दिली की सरकार ताटावर येऊन बसतं. तुझं पुस्तक गरम झालंय, दुसरं काय!"

पण गरम पेस्टी माणूस हौसेने खातो. मी हौसेने यंत्र घेईन?

गेल्या महिन्यात चॅपलच्या पाद्रीबाई मिसेस ऑल्ड्रॉइड यांना प्रवचनांऐवजी भलतंच चावट पुस्तक बांधून दिलं. त्यांनी परत आणलं, पूर्ण वाचून. "दुसरा भाग आहे का हो?" सगळा बाजार हसला, मीही हसलो. पण मुखपृष्ठावरची उघडी बाई मला दिसलीच नव्हती.

सांगूनच टाकतो. जिथे बघावं तिथेच डाग असतो, कडा तेवढ्या दिसतात. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. यंत्रावर अक्षर अंगठ्याएवढं करता येतं, म्हणून ते घेतलं. धडधाकट डोळ्यांना पुस्तकावरचा कर माफ, आणि ज्याचे डोळे चालले त्याच्याकडून वसुली! कुठल्या शहाण्याने ठरवलं हे? तुझ्या वरिष्ठांच्या टेबलावर आपट हे पत्र.

नाताळात तू "स्टॉल विका, आमच्याकडे या" म्हणालास आणि मी ताटावरून उठलो. डागाचं मला तेव्हाच कळलं होतं, तुला कळू द्यायचं नव्हतं. स्टॉल मी अजूनही विकणार नाही.

शनिवारी ये. नवा ढीग आलाय, नावं वाचून दाखव, म्हणजे कुठलं कुठे लावायचं ते मी सांगेन. तू वाचून दाखवलेल्यावर कर बसतो का, ते मात्र खात्यात विचारू नकोस. बसवतील.

वाट बघतोय, जेवढं दिसतं तेवढ्यात.

तुझा बाप,
विल्फ्रेड