रेड्याला तीस बोर पुरेल का?

३ जून २०००, शनि.
सकाळी अरबाबनी (म्हणजे आमच्या अरब मालकांनी) केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, व्हिसाचं असेल. माझा, सौ.चा, गार्गीचा, तिघांचाही जुलैअखेर संपतोय. कागद त्यांच्या टेबलावर, सही बाकी. तर कसलं काय! टेबलावर रायफल आडवी.
"मुहंदिस, ये मेरा बाबा का है. तीस बोर." (मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, अर्थात मी.) जुलैत आफ्रिकेत शिकारीला जाणार. रानरेडा मारायचा. वडिलांच्याच रायफलने, आणि गोळ्या आपल्याच फॅक्टरीच्या शिशाच्या. "तुम बनाओ. लोहे का माफिक हार्ड."
इथला ठरलेला शब्द टाकला, देवाची इच्छा असेल तर: "इन्शाल्ला, सर."
सात वर्षं दुबईत, जबल अलीच्या फॅक्टरीत मोटारींच्या चाकांना लावायची शिशाची वजनं तपासतोय. क्यू.सी. इंजिनिअर, मु. पो. सांगली, शुद्ध शाकाहारी. आयुष्यात झुरळ मारलेलं नाही. ते खातंही सौ.कडेच आहे.

४ जून
सौ.ला सांगितलं. पोळी तव्यावर करपली.
"अहो, रेडा म्हणजे यमाचं वाहन! त्याला मारायचं सामान तुम्ही करणार?"
म्हटलं, मारणार अरबाब.
"आणि शिसं?"
कंपनीचं.
"आणि डोकं कोणाचं?"
करपलेली पोळी खाल्ली. गार्गीने रेड्याचा फोटो पाहिला. "बाबा, इट लुक्स सो अँग्री. डिड समवन टीझ इट?" अजून नाही गं बाई. जुलैत.

७ जून, बुध.
ऑफिसच्या इंटरनेटवर दिवसभर वाचन. आधी वाटलं होतं शिसं ते शिसं. छे! ओतीव गोळी फार मऊ झाली तर नळीत शिसं चिकटतं, फार कडक झाली तर हाडावर आपटून बिस्किटासारखी फुटते. मोठ्या जनावराला गोळी आत खोल जावी लागते. म्हणून बोर (नळीचा व्यास) मोठा, गोळी जड, नाक रुंद नि चपटं. तीस बोर हरणाला ठीक. सातशे किलोच्या रेड्याला म्हणजे डास चावल्यासारखं. मरणार तर नाहीच, वर चिडणार.
अरबाबकडे दुसरी रायफल आहे, पंचेचाळीस बोर. ती चालेल. पण ती चुलतभावाने भेट दिलेली, आणि चुलतभावाशी यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. कपाटात पडून आहे.
कोयाला विचारलं, सांगू का? (कोया म्हणजे आमचा पीआरओ. सगळ्यांचे व्हिसे तोच करतो.)
"सार, इधर अरबाब को नो नहीं बोलता. नो बोला तो एक्झिट." मग स्वतःच विचारात पडला. "लेकिन सार, बफेलो अरबाब को मारा तो? स्पॉन्सर खलास, तो हम सब का वीसा खलास!"
म्हणजे बोललो तर मी एकटा घरी, नाही बोललो तर अख्खी कंपनी. छान.

११ जून
आज ओतल्या. टूलरूमकडून दोन साचे करून घेतले होते. अँटिमनी मुद्दाम जास्त घातलं, वर गरम गोळ्या पाण्यात टाकल्या. हवं ना लोखंडासारखं? घ्या! ही गोळी फुटणार, मला माहीत आहे. फुटू दे. मी तोंड उघडण्यापेक्षा गोळीनेच काय ते सांगावं.
दुसऱ्या साच्यात पंचेचाळीसच्या चार गुपचूप काढल्या. चपट्या नाकाच्या, नेमक्या मिश्रणाच्या. वजन भरलं चारशेवीस ग्रेन. माझ्यासारख्याला शोभेलसं.
दारू भरायचं काम शूटिंग क्लबवाल्यांकडे. त्यांच्याकडे परवाना आहे.

१४ जून, बुध.
शुक्रवारी टेस्ट. भिजवलेल्या कागदाचे गठ्ठे एकामागे एक लावायचे नि त्यात गोळी मारायची, अशी पद्धत आहे. एवढा कागद कुठून आणायचा? घरी आलो, गॅलरीचं दार उघडलं, आणि साक्षात्कार झाला.
आमच्याकडे अल कुसैसला रद्दीवाला येत नाही, हे सौ.ला सात वर्षांत पटलेलं नाही. "येईल कधीतरी." पेपर घडी घालून, सुतळीने बांधून, महिनावार. वॉशिंग मशीनला जागा नाही, पण रद्दी आहे.
मागितली तर म्हणते, "परत आणणार ना?"
"अगं, गोळ्या मारणार आहेत त्यात!"
"मग सुतळी तरी आणा."

१६ जून, शुक्र.
काल टबात रद्दी भिजवली. आंघोळी बादलीत. पहाटे गाडीत भरली, कंबर गेली.
क्लबात अरबाब, त्यांचे मित्र, कोया, मी. तीस बोरची गोळी दुसऱ्या गठ्ठ्यात भुगा झालेली सापडली. अगदी हिंगाच्या डबीत मावेल एवढा. मग म्हटलं, सर, जस्ट फॉर कम्पॅरिझन, पंचेचाळीस? नाराजीने मारली. सगळे गठ्ठे पार करून मागच्या वाळूत गेली! मी चेहरा साळसूद ठेवून उभा. आता कळेल, आता कळेल.
अरबाब भुगा हातात घेऊन म्हणाले, "मुहंदिस, तुम्हारा शीशा खराब है."
रायफल निर्दोष! आणि पंचेचाळीसबद्दल? "ये तो रुका ही नहीं. बाहर निकल गया. वेस्ट."
सुतळी विसरलो. त्यावरून घरी वेगळं.

१७ जून
रात्रभर डोक्यात तेच. माझं शिसं खराब? माझं? रेडा गेला खड्ड्यात, आता इज्जतीचा प्रश्न. अँटिमनी कमी, कथील वाढवलं, पाणी बंद. याला म्हणतात मिश्रण.

२३ जून, शुक्र.
फार चांगलं झालं मिश्रण. तेच नडलं.
तीस बोरची गोळी फुटली नाही. उमलली! पुढून अळंबीसारखी गोल, पाकळ्या सारख्या. अरबाब हरखले. "शुफ! वर्दा!" बघा, फूल! सगळ्यांना फिरवून दाखवलं. मला मिठी मारली. अत्तराचा वास अजून शर्टाला आहे.
पण फूल सापडलं दुसऱ्याच गठ्ठ्यात. रेड्याचं नुसतं कातडं नि खांदाच तेवढा जाड, काळीज त्याच्या पलीकडे. धीर करून म्हटलं, "सर, बट द डेप्थ..."
"डेप्थ, इन्शाल्ला."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.
सौ.ला सांगितलं. तिला वाटलं होतं मी रेड्यासाठी रडतोय. "अहो, रेड्याचं राहू दे. त्या माणसालाही घरी बायको असेलच ना? उद्या काही झालं तर तुम्हाला घास तरी गिळवेल का?"
आज गिळला नाही.

१ जुलै, शनि.
अरबाब निघाले. दोन्ही रायफली, दोन्हींच्या गोळ्या नेल्या. पंचेचाळीस का, तर चुलतभाऊ निरोपाला येणार होता, त्याला दिसायला. मारायची तीसनेच.
मी मुद्दाम एअरपोर्टवर गेलो. सांगायचंच म्हणून. गाडीत तीनदा वाक्य पाठ केलं. समोर गेलो, हातात हात दिला आणि म्हणालो, "सर, टेक केअर."
गाढव आहे मी, दुसरं काय!
व्हिसाची सही? "आने के बाद."

६ जुलै, गुरु.
दुपारी जेवायला बसलो होतो. फोन. खरखर. अरबाब, कॅम्पवरून, सॅटेलाइट फोनवर.
"मुहंदिस! इधर गोरा गाइड बोलता, तीस बोर छोटा है, नहीं जाने देगा. मैं बोला, मेरा मुहंदिस टेस्ट किया. सब लोग सुन रहा है. तुम बोलो इसको. चलेगा?"
सगळे ऐकतायत. म्हणजे 'नाही' म्हटलं तर माणूस चारचौघांत तोंडघशी पडणार. कोया समोरून दोन्ही हातांनी खुणा करतोय, हो म्हण, हो म्हण. मग त्यालाच बफेलो आठवला असावा, हात अर्ध्यावर थांबले. माझ्या तोंडात इन्शाल्ला आलंच होतं. जिभेवर. आणि सौ. आठवली. घास.
"नो, सर," म्हटलं. "छोटा है. फूल अच्छा है सर, लेकिन रेडा नहीं मरेगा. आपको मारेगा. पंचेचाळीस लीजिए. प्लीज सर, हाथ जोडता हूँ." डबा बाजूला सारून खरंच जोडले. फोन खांदा नि कानात.
पलीकडे कोणीतरी खोकलं.
"ये दुबई में क्यों नहीं बोला?"
खरं तेच निघून गेलं. "सर, वीसा..."
लाइन कटली. त्यांनी ठेवला की आपोआप, कळलं नाही.
कोया म्हणाला, "सार, मैं आपको नहीं जानता." आणि माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली.
सौ.ला फोन करून सांगितलं. म्हणाली, "बरं केलंत." आणि लगेच, "आता काय हो?"

८ जुलै, शनि.
कोया सकाळीच टेबलाशी. अरबाबचा फोन आला होता, त्याला. सोमवारी परत येतायत. म्हणजे जिवंत आहेत! देवा, जिवंत आहेत. बाकी काय व्हायचं ते होवो.
"कौन सा रायफल लिया?"
"पूछा नहीं सार."
"आवाज कैसा था?"
"आवाज अरबाब का था."
पुढे म्हणाला, अरबाबनी सांगितलंय, मुहंदिसचे तिन्ही पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेव.
रिन्यू करायला पासपोर्ट लागतात. कॅन्सल करायलाही लागतात. कोयाला विचारलं, नक्की शब्द काय होते? तेवढेच होते. यल्ला, म्हणजे चल, म्हणाले नि फोन ठेवला.
घरी सांगितलं. सौ. ऐकून आत गेली. डबे वाजले. मग दारात येऊन उभी.
"तांदूळ संपलाय. वीस किलोची गोणी आणू की दोन किलोचं पाकीट?"
खूप विचार केला.
"पाच किलोचं आण," म्हटलं.